उंबऱ्याबाहेरचा सूर

पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरीजवळ संत चोखामेळ्याची समाधी आहे. आषाढीला दिंड्या इथवर येतात तेव्हा टाळांचा गजर एवढा वाढतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती नामदेवांनी वेचून पंढरीला आणली, अशी परंपरा आहे. हयातीत ज्याला अस्पृश्य म्हणून देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याची समाधी झाली तीही दाराबाहेरच. माणसाला अडवले गेले, अभंग मात्र आत गेला. मराठी संगीताकडे बघताना मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अभंग आत जाऊ शकला याचे बरेचसे श्रेय वारकरी गाण्याच्या घडणीला आहे. कीर्तनकार चरण म्हणतो, मागे उभे असलेले टाळकरी ते उचलतात, मृदंग लय धरतो आणि ध्रुपद पुन्हा पुन्हा परतते. हे गाणे एकट्याचे राहूच शकत नाही. चोखोबा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका असे एक अख्खे घर अभंग रचत होते. त्यांचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या अशाही तोंडांनी गायले, ज्यांनी त्यांच्या हातचे पाणी घेतले नसते. द्वेषाला याहून चिवट उत्तर कोणते?

पण आज आपण हे गाणे कसे गातो? ‘अबीर गुलाल’ घ्या. पं. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात हा चोखोबांचा अभंग घराघरांत पोचला. तो सुरू झाला की सभागृह टाळ्यांचा ठेका धरते. ध्रुपदात उत्सवाचा रंग आहे, पण पहिल्याच कडव्यात गाणारा स्वतःला जातिहीन म्हणवून विचारतो, या उंबरठ्याला आम्ही शिवायचे तरी कसे? ध्रुपद दहा वेळा येते, प्रश्न एकदाच येतो आणि टाळ्यांखाली बुडतो. यात अभिषेकींचा दोष नाही, त्यांनी प्रत्येक अक्षर स्वच्छ म्हटले आहे. कान आपले अर्धवट आहेत. किशोरीताई आमोणकरांनी ‘अवघा रंग एक झाला’ अजरामर केले. तो अभंग सोयराबाईचा, आणि ती नाममुद्रेत आपली जात लपवत नाही. तरी कितीतरी मैफलींत तिची ओळख ‘चोखोबांची पत्नी’ एवढ्यावरच संपते. विटाळ म्हणजे काय असे थेट देवाला विचारणारी सोयरा आणि जन्माचाच हिशेब मागणारा कर्ममेळा तर व्यासपीठावर क्वचितच येतात. गोड तेवढे वेचायचे, कडू मागे ठेवायचे, ही आजच्या अभंगगायनाची मोठी उणीव आहे.

ते कडूपण दुसऱ्या एका धारेने जपले. सत्यशोधक जलसे, मग भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४), विठ्ठल उमप, आणि आज एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात. चोखोबांनी गाऱ्हाणे देवापुढे मांडले, वामनदादांनी जाब माणसांना विचारला. चोखोबांची विनवणी पुरेशी नाही, हा आंबेडकरी चळवळीचा आक्षेप रास्त आहे. तरीही ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हेही विसरता येत नाही. या दोन धारा एकाच जखमेतून निघाल्या आहेत. अशी जखम फक्त इथलीच नव्हती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. तिथल्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या गुलामांनीही भक्तिगीतांतच सुटकेची आस जिवंत ठेवली होती.

गाण्याने दार आपोआप उघडत नाही, हेही पंढरपूरच सांगते. साने गुरुजी गावोगाव फिरले, सोबत राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गात होते. तरी १ मे ते १० मे १९४७ असे दहा दिवस त्यांना इथे उपोषण करून प्राण पणाला लावावे लागले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. चोखोबा जाऊन सहाशे नऊ वर्षे झाली होती. एवढा काळ त्यांचे अभंग आत गायले जात होते आणि त्यांची माणसे बाहेर उभी होती. आपण शब्द गायले, ऐकले मात्र नाहीत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

म्हणून कीर्तनकारांना आणि गायकांना एकच मागणे आहे. चोखोबांचा ‘अबीर गुलाल’ गाल तेव्हा उंबरठ्याचे ते कडवे घाईने उरकू नका. तिथे टाळ थोडे थांबवा, मृदंग हलका करा, आणि तो प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत पोचू द्या. मग ध्रुपदावर या.