ग्वाल्हेरची आगबोट

ग्वाल्हेरला समुद्र नाही. तथापि मुंबई बंदराच्या इतिहासात त्याचे नाव एका आगबोटीने नेले. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही १८९१ ची उतारू बोट हाँगकाँग-व्हँकुव्हर मार्गावर चाले. १९१४ मध्ये ती महाराज माधवराव शिंदे यांनी घेतली. महायुद्धात हिंदी सैनिकांकरिता तिची रुग्णनौका झाली आणि नाव पडले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. पुढे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी ती विकत घेऊन कंपनीलाही शिंद्यांचेच नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या बोटीवरील गौरवपर लेखनाविषयी आमचा आक्षेप असा की, ते बहुधा मालकांपाशीच थांबते. राजनिष्ठेचे नाव मिरवणारी बोट स्वदेशीचे प्रतीक कशी झाली, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. मुंबईच्या आगबोटींवर राबलेले रत्नागिरीकडील खलाशी आणि उतारूंची बडदास्त ठेवणारे गोमंतकीय तारवटी तर त्यात जवळजवळ नाहीतच. ‘लॉयल्टी’ १९२३ मध्ये मोडीत निघाली. तिचे चरित्र पुन्हा लिहिले जाईल, तेव्हा भागधारकांच्या यादीबरोबर खलाशांची हजेरीही लेखकाने मागावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.