पाद्री बोलतो, पण जोडपं जातं कुठं?

माझा धाकटा भाऊ शहरातल्या एका चर्चच्या कॉलेजात शिकतो. मी मानवतला जिनिंगमधी रेच्यावर. दहावीपुढं शाळा सुटली. जे वाचलं ते रातपाळी करून वाचलं. मागच्या जयंतीच्या बैठकीत एक कार्यकर्ता सगळ्यांदेखत म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातलं पोरगं येशूच्या प्रार्थनेला उभं राहतं, आन् तू त्याची फी भरतोस?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन भावाला फोन केला, दाखला काढून ये म्हणून. त्याच आठवड्यात जोतीरावांचं 'तृतीय रत्न' पुन्हा वाचलं आणि शब्द मागं घेतला. का, ते सांगतो.

नाटक 1855चं. दक्षिणा प्राईज कमिटीनं ते नाकारलं. छापून यायला 1979 उजाडलं. गोष्ट साधी. कुणब्याची बायको गरोदर. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, ब्राह्मणभोजनाच्या नावानं घर धुऊन नेतो. विदूषक मधूनमधून त्याचं पितळ उघडं करतो. मग पाद्री येतो आणि जोश्याचा खोटेपणा दाखवतो.

पाद्री दिसला की एक म्हणतो, फुले मिशनऱ्यांचे हस्तक. दुसरा घाईघाईनं पाद्रीवर पांघरूण घालतो. दोघंही शेवटापर्यंत जात नाहीत. शेवटी ते जोडपं चर्चमधी जात नाही. ते जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. सगळं नाटक या एका पावलासाठी लिहिलंय, असं माझं मत.

लिहिणारा कोण? 1841 ते 1847 पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला, ख्रिस्ती नसलेला विद्यार्थी. लोकांच्या सांगण्यावरून बापानं आधी शाळा सोडवली होती. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेबांनी गोविंदरावांना समजावलं, तेव्हा पोरगं परत बाकावर बसलं. त्याच काळात, 1843 साली, मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडंच शिकलेला ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. पुढं त्यानं आपल्या परभणीच्या शेजारी, जालन्याजवळ बेथेल वसवलं. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली. शिक्षणाचं ऋण त्यांनी असं फेडलं.

नाटकात खोट आहेच. पाद्रीला फार सोपं सोडलंय. तो शहाणं बोलतो, त्याला कुणी उलटं विचारत नाही. तुझ्या चर्चमधी महार-मांग कुठं बसतो, हे त्या कुणब्यानं विचारायला पाहिजे होतं. तो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी चर्चमधली जात दाखवली. मिशनच्या शिक्षणावरचा पैसा जास्त करून सवर्णांच्या कामी आला, हेही दाखवलं. म्हंजे त्या बाकांवर ख्रिस्ती नसलेली पोरं पहिल्यापासून होती, फक्त आपली फार थोडी. आता आपलं एक बसलंय, तर आपणच त्याला उठवायचं?

राहिली प्रार्थना. संविधानाचं कलम 28 वाचा. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय उपासनेत सामील व्हायला लावता येत नाही. तो अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मी उभा राहतो, पण डोळे मिटत नाही. आन् परवा सरांना विचारलं, चर्चमधी जात का राहिली?" सरांनी काय उत्तर दिलं, ते अजून कळलं नाही.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादला काढलेलं कॉलेज आज मिलिंद म्हणून ओळखलं जातं. मिलिंद म्हंजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. बैठकीतल्या त्या दोस्ताला माझं एवढंच सांगणं आहे: आपली पोरं जिथं जागा मिळंल तिथं बसू द्या, आणि तिथं बसून प्रश्न विचारू द्या. फी मी भरतोय.

जयभीम.