रामाझ्झिनीची लेखनिक-रोगचिकित्सा

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवरील आपल्या १७०० मधील लॅटिन ग्रंथाला १७१३ च्या आवृत्तीत जी पुरवणी जोडली, तीत लेखनिकांचे प्रकरण येते. त्यांच्या व्याधींची कारणे तो तीन मानतो : अखंड बैठक, हाताची एकाच दिशेने होणारी अविरत हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. उजवा हात लुळा पडल्यावर डाव्याने लिहू लागलेल्या, आणि लवकरच तोही हात त्याच व्याधीने ग्रासलेल्या एका दस्तलेखकाचे उदाहरण हा या प्रकरणाचा प्राण होय. दोष हाताचा नसून कामाचा आहे, हे त्यावरून निराळे सांगावे लागत नाही. उपायांची बाजू मात्र दुबळी. मर्दन आणि बेताचा व्यायाम यांवरच तिचा भर. खुर्ची-मेजाच्या उंचीपाशी थांबणारे आजचे कार्यालयीन आरोग्यविवेचन त्याच्या पहिल्या दोन कारणांपुरतेच त्याचे वारसदार ठरते.