वेळापत्रकात न दिसणारी गाडी

बार्शी लाइट रेल्वेवर लिहिणारे बहुधा इंजिनांतच रमतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ७६२ मिलिमीटरचा गेज, एका आसावर जेमतेम ५ टन भार, हे सगळं येतं. पण १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचलेला हा एकेरी मार्ग रोज चालवत कसे, हे क्वचितच. फार तर जुनं वेळापत्रक छापतात. त्यातून कळतं ते गाडी कधी यायला हवी होती एवढंच. ती खरोखर कधी आली, पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर कधी दिला, याची मिनिटं स्टेशनमास्तरच्या ट्रेन रजिस्टरात असतात.

ही मिनिटं आलेखावर मांडून पाहा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं. समोरासमोरच्या गाड्यांच्या रेषा स्टेशनावरच छेदायला हव्यात. अधेमधे छेदल्या तर टक्करच! एका गाडीच्या उशिरापायी दुसरी कुठे, किती वेळ अडकली तेही दिसतं. नववीच्या वर्गाला आणखी काय हवं?

२००८ मध्ये येडशीला ब्रॉडगेज आलं. इंजिन संग्रहालयात ठेवता येतं, रजिस्टर मात्र मुदत संपली की रद्दीत. या विषयावरच्या पुढच्या पुस्तकात इंजिनाचा एक फोटो कमी चालेल, पण एखाद्या दिवसाचं रजिस्टरचं पान हवं.