'स्मृतिचित्रे' वाचताना: आधी श्रद्धा की आधी माणूस?

ख्रिस्ती धर्मातलं प्रेम आणि चांगलं आयुष्य, या विषयावर मराठीत काही करायचं म्हटलं की लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' समोर येतंच. पहिला भाग १९३४ चा. अडचण अशी की आपण ते पुरावा म्हणून वापरतो. टिळकांना ख्रिस्त भेटला, त्यातून प्रेमाचा मार्ग मिळाला, मागोमाग लक्ष्मीबाईही आल्या: अशी सरळ रेघ कितीतरी सारांशांत दिसते. मला ती पटत नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. माझ्या मते संशोधनाची खरी जागा ही मधली पाच वर्षं आहे. नवरा धर्म सोडून गेलेला, ताटातूट झालेली. पुढे त्या त्याच्याकडे परत येतात तेव्हाही सोवळं सांभाळूनच. म्हणजे येशूबद्दल काही ठरवण्याच्या आधी त्या माणसाकडे परत आलेल्या आहेत.

इथे संत ऑगस्टिन उपयोगी पडतो. त्याच्या मते सद्गुण म्हणजे प्रेमांचा क्रम नीट लागणं. सगळ्यांत वर देव, मग बाकीचं त्या प्रेमाच्या आधाराने. टिळकांचं घर या क्रमाने चालायचं. आला-गेला पाहुणा, गरजू विद्यार्थी आधी, घरचं नंतर. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची नोकरीच सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. तत्त्व म्हणून हे थोरच. पण उद्या चूल कशी पेटवायची हा प्रश्न कुणाच्या वाट्याला आला, हे पुस्तक विसरू देत नाही. लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, चक्क हसवतात. आणि त्या विनोदातच नवऱ्याच्या आदर्शावरची टीका आहे. ही टीका न वाचता 'ख्रिस्ती प्रेम' असं लेबल लावणं म्हणजे अर्धंच पुस्तक वाचणं.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा क्रम खालून वर जातो. नवरा, मुलगा, मग घरी राहिलेली परकी पोरं (बालकवी ठोमरे त्यांतलेच), आणि त्या वाटेने देव. लहानपणी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्या मुलीच्या आयुष्यात धर्मांतराचा अवघड भाग कुठला? मला वाटतं, सिद्धांत पटणं नव्हे. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, हे बदलणं. चांगलं आयुष्य तिथे, माठापाशी आणि ताटापाशी ठरतं.

आता सावधगिरीचं. आपट्याला गाडीची वाट बघत (हो, तेच सिनेमातलं स्टेशन) हे पुस्तक परत वाचताना एक गोष्ट खटकली. हे सगळं सांगणारी बाई तीसेक वर्षांनंतर बोलते आहे, आणि तोवर ती पक्की ख्रिस्ती आहे. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण करणारीही तीच. तेव्हा 'प्रेम आधी, श्रद्धा नंतर' हा क्रम घडला तसाच आहे की मागे वळून रचलेला आहे? निवेदनाचा काळ आणि घटनेचा काळ वेगळे धरल्याशिवाय यावर बोलता येणार नाही.

माझं उत्तर असं: रचलेला असला तरी तिच्या सोयीचा नाही. धर्मप्रचारासाठी रचायचं असतं, तर आधी साक्षात्कार आणि मग बदललेलं घर, असं सांगणं कितीतरी सोपं होतं. तिने भांडणं ठेवली, सोवळं ठेवलं, स्वतःचा हट्ट ठेवला. प्रबंधात हे प्रकरण घेणार असाल तर सुरुवात बाप्तिस्म्यापासून करू नका. त्या दोन तारखांच्या मधली पानं आधी काढा, आणि कोण कुणाच्या हातचं खातंय याची नोंद करत जा.