यंत्र ‘मी कोण?’ विचारतं तेव्हा : बूटपीच्या मसुद्याची समीक्षा

आज समीक्षेला घेतलेला मजकूर कविता नाही, कादंबरी नाही. दहा-बारा पानांचा तांत्रिक मसुदा आहे. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित मसुद्यांतून मांडले जातात त्यांना आरएफसी म्हणतात. हा 951 क्रमांकाचा, सप्टेंबर 1985 चा. लेखक बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर. विषय एवढाच, की ज्या संगणकात डिस्क नाही त्याने नेटवर्कवरून सुरू कसं व्हायचं. पद्धतीचं नाव बूटपी. पुढे डीएचसीपीत आणि 1999 च्या इंटेलच्या पीएक्सईत हीच चौकट आली. कॉलेजच्या लॅबमधली तीस-चाळीस यंत्रं एका सर्व्हरवरून उठवायची, तर आजही मुळाशी बहुधा हाच मजकूर असतो.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात नाक का खुपसावं? तर प्रश्न आमच्या घरचा आहे म्हणून. कितीही कसलेला कसरतपटू असो, तो स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, हा आपल्या शास्त्रांतला जुना दृष्टांत. इथे नेमकं तेच आहे बघा. सुरू व्हायला प्रोग्रॅम हवा. प्रोग्रॅम सर्व्हरवर. तो मागवायला स्वतःचा पत्ता हवा, आणि पत्ता कळायला आधी सुरू व्हायला हवं. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि दोष मानतात. क्रॉफ्ट-गिलमोर त्याला चक्क ‘कोंबडी आणि अंडं’ असं शीर्षक देऊन एक स्वतंत्र भाग लिहितात. लपवालपवी नाही, हे मला फार आवडलं.

सोडवतात कसं? यंत्राच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक क्रमांक कोरलेला असतो आणि रॉममध्ये अगदी छोटा प्रोग्रॅम असतो. तेवढ्या भांडवलावर यंत्र ओरडतं. स्वतःचा पत्ता शून्य, समोरच्याचा पत्ता ‘सगळेच’. आपल्या रामकुंडावर परगावचा माणूस येतो, गावाचं नाव आणि आडनाव सांगतो, आणि तीर्थोपाध्याय वही काढून त्याला त्याच्याच पणजोबांचं नाव सांगतात. तसंच हे. सर्व्हर वही बघतो आणि म्हणतो, तुझा पत्ता हा, तुझी फाइल अमुक. आता हे उत्तर पोचवायचं कसं, कारण ज्याला स्वतःचा पत्ता माहीत नाही तो त्या पत्त्यावरच्या हाकेला ओ कसा देणार? दोन वाटा आहेत : सर्व्हरने क्रमांक आणि पत्ता यांची जोडी आपल्याच तक्त्यात परस्पर मांडायची, नाहीतर उत्तरही सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून द्यायचं. मग टीएफटीपी ही अगदी साधी पद्धत 512 बाइटांचे तुकडे एकेक करून, दर तुकड्याची पोच घेत, फाइल आणते. पासवर्ड नाही, ओळख नाही. साधेपणा इतका की सगळं त्या इवल्या रॉममध्ये मावतं. इथवर पैकीच्या पैकी गुण!

माझी तक्रार पुढची आहे. शब्द हे प्रमाण खरं, पण कुणाचा शब्द? न्यायदर्शन म्हणतं, आप्ताचा. म्हणजे ज्याला माहीत आहे आणि जो खरं सांगू इच्छितो त्याचा. मसुद्यात आप्ताची चौकशीच नाही. यंत्र सहसा पहिलं उत्तर धरून चालतं. यावर कुणी मीमांसक म्हणेल, यात काय चुकलं? ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधक ज्ञान येईपर्यंत खरं मानावं. माणसापुरतं हे चालतं. दोरीला साप समजलो तरी डोळे माझेच असतात, जवळ जाऊन बघता येतं. पण या यंत्राचे डोळेसुद्धा त्या पहिल्या शब्दातूनच येणार आहेत! खोट्या सर्व्हरने खोटी प्रणाली दिली, तर ती तपासणारा प्रोग्रॅमही त्याच्याच पदरचा. बाधक ज्ञान यायला जागाच उरत नाही. 1997 चा डीएचसीपीचा मसुदा आपण असुरक्षित असल्याची कबुली तरी देतो.

हे शब्दच्छल नाहीत. एका महाविद्यालयात कुणीतरी घरचा राउटर आणून भिंतीच्या सॉकेटला जोडला. तो भाबडेपणाने सगळ्यांना पत्ते वाटू लागला. अर्धी लॅब उठेना. पडद्यावर एवढंच, की फाइलचं नाव मिळालं नाही. तिथे अज्ञान होतं म्हणून निभावलं. दुष्ट हेतू असता तर यंत्रं छान सुरू झाली असती, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

म्हणून नेटवर्कवरून सुरू होणं वाईट, असा निष्कर्ष काढू नका. गोव्यातल्या शाळांमध्ये या शतकाच्या सुरुवातीला परदेशातून आलेले जुने संगणक लिनक्सवर चालवायचा उपक्रम झाला. अशा थकल्या यंत्रांना एलटीएसपीसारखी व्यवस्था म्हणजे संजीवनी : प्रणाली एकाच सर्व्हरवर, दुरुस्ती एकदाच. गरीब शाळेला हे परवडतं, आणि म्हणूनच तिथल्या मुलांच्या यंत्राला कोण काय सांगतो याची काळजी जास्त घ्यायला हवी.

2012 पासून सिक्युअर बूट आलं. सही असलेलाच प्रोग्रॅम चालेल, ठीक. पण बहुतेक यंत्रांत आधीपासून बसवलेली चावी मायक्रोसॉफ्टची. म्हणजे आप्त कोण हे ठरलं, पण ते आपण ठरवलं नाही. मला त्यापेक्षा आयपीएक्सई या मुक्त बूटलोडरची वाट बरी वाटते. त्यात संस्थेला स्वतःचं प्रमाणपत्र घालता येतं, आणि सही तपासूनच पुढची फाइल चालवायची असं त्याला बजावता येतं. अडचण एकच. तो आयपीएक्सई स्वतःच टीएफटीपीने आला, तर प्रश्न एक पायरी मागे सरकतो, म्हणजे अनवस्था. तेव्हा तो पेनड्राइव्हवरून किंवा कार्डाच्या रॉममध्ये, ओळखीच्या माणसाने, प्रत्येक यंत्रापाशी जाऊन बसवावा. तीस यंत्रांना लॅब असिस्टंटची एक दुपार जाते.