चाई, कांद्याचा रस आणि रोगप्रतिकारशक्ती

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या डोक्यावर अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसू लागतो. खपली नाही, जखम नाही, फक्त केस नाहीत. घरचे म्हणतात, ‘चाई लागली.’ मग सल्ले सुरू होतात. कोणी कांदा चोळायला सांगतो, कोणी लसूण, तर कोणी काढा घेऊन ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणतो. यात दोन निरनिराळे दावे आहेत. ते वेगवेगळे तपासायला हवेत.

पहिला दावा प्रतिकारशक्ती वाढवण्याचा. चाईत कोणतीही कीड केस खात नसते. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांभोवती गोळा होतात आणि त्यांनाच शत्रू समजून हल्ला करतात. म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचा नेम चुकला आहे. मग ती नुसती वाढवून काय साधणार? २०२२ साली अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. हे औषध उलटेच काम करते: या पेशींना चेतवणारे संदेश ते अडवते. सुमारे १२०० प्रौढांवरील दोन चाचण्यांत, मोठी मात्रा घेणाऱ्या दर शंभरातील ३६ ते ३९ जणांचे डोके ३६ आठवड्यांत किमान ८० टक्के केसांनी भरले. औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ ते ६ होते. अर्थात हेही जादूचे औषध नव्हे. ते थांबवल्यावर अनेकांचे केस पुन्हा गळतात, आणि प्रतिकारशक्तीला लगाम बसल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दुसरा दावा अनुभवाचा: ‘आमच्या पुतण्याला कांद्याने गुण आला.’ अनुभव खोटा नसतो, पण त्याचे कारण दुसरे असू शकते. थोडेच चट्टे असलेल्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या जणांचे केस वर्षभरात उपचाराविनाही परत येतात. म्हणून तुलना हवी. २००२ साली बगदादच्या संशोधकांनी ती केली. दोन महिने कांद्याचा रस लावणाऱ्या २३ पैकी २० जणांना केस आले. नळाचे पाणी लावणाऱ्या १५ पैकी फक्त दोघांना. आकडे लक्षवेधी आहेत. पण आपल्या डोक्याला कांदा लागतो आहे की पाणी, हे कोणापासून लपणार? शिवाय रुग्ण थोडे आणि काळ अपुरा. त्यामुळे कांदा निरुपयोगी ठरत नाही. सिद्ध मात्र झालेला नाही.

१९९८ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झालेली चाचणी अधिक काटेकोर होती. एका गटाने थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर व देवदारवर्गीय झाडाची सुगंधी तेले मिसळलेले तेल रोज चोळले. दुसऱ्याने फक्त मूळ तेल. पहिल्या गटातील ४३ पैकी १९ जणांत सुधारणा झाली, दुसऱ्यातील ४१ पैकी ६ जणांत. फरक आहे, पण सुगंध इथेही ओळखता येतो, आणि अशा एका छोट्या चाचणीवर निर्णय ठरत नाही. मला अधिक मोलाचे वाटतात ते दुसऱ्या गटातले सहा जण. तुलनेचा गट नसता, तर त्यांनी साध्या तेलाचेच गुण गायले असते! ‘वास ओळखू येणार नाही अशी कांद्याची चाचणी कशी आखाल?’ हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात जरूर विचारून पाहावा.

घरगुती उपायांची हौस निरुपद्रवी वाटते. पण लसणासारख्या झोंबणाऱ्या लेपाने मुलाच्या डोक्याची कातडी भाजू शकते. डोक्यावरचा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा रोग, चाई समजून महिनोन्महिने अंगावर काढला जातो. तो संसर्गजन्य असतो आणि त्यावर खात्रीचे औषध आहे. म्हणून चट्टा आधी डॉक्टरांना दाखवावा. चाई असल्याचे ठरले, तर ती स्पर्शाने, कंगव्याने किंवा टोपीने पसरत नाही, हे शिक्षकांनी वर्गाला स्वच्छ शब्दांत सांगावे, आणि त्या मुलाला नेहमीच्याच बाकावर बसू द्यावे.